‘भरून निघेल’ला कर्ता कोण, बाई?

मागच्या अंकात कॅन आणि कुडवर दोन ओळी लिहिल्या काय आणि पत्रांचा ढीग पडला, आणि गंमत म्हणजे निम्म्या लोकांना एकच गोष्ट इंग्रजीत सांगता येत नाहीये, ती म्हणजे काहीतरी कमी पडलं आणि ते मी भरून काढतो. कुणाचा अनुभव कमी पडलाय, कुणाचे कामाचे तास, कुणाच्या लोकलची दहा मिनिटं. म्हणून ह्या वेळी तेवढंच घेते. बाकीच्यांनी रागावू नका, तुमची पत्रं पुढच्या महिन्यात.

प्रश्न : बाई, मी विक्रोळीला राहतो, ह्या वर्षी बीकॉम झालो. अंधेरीला एका ऑफिसमध्ये इंटरव्ह्यू होता, तिथे विचारलं की अनुभव नाही तर कसं करणार, तर मी म्हटलं ‘आय कॅन कॉम्पेन्सेट्स माय लेस एक्स्पीरियन्स बाय हार्डवर्क’. समोरच्या मॅडम गालातल्या गालात हसल्या. जॉब काही मिळाला नाही. मित्र म्हणतो कुड म्हणायला पाहिजे होतं, कुड पोलाइट असतं. बहीण म्हणते वूड. माझं नक्की चुकलं कुठे?

उत्तर : त्या हसण्यामुळे जॉब गेला असं डोक्यात घेऊन बसू नकोस, पण वाक्यात तीन-चार खडे आहेत ते वेचून टाकू. कॅन, कुड, विल, वूड, मे, माइट, शुड, मस्ट ही जी मोडल मंडळी आहेत ना, त्यांच्या मागे येणारं क्रियापद अगदी उघडंबोडकं येतं, त्याला एस नाही, ईडी नाही, आधी टू नाही. म्हणून कॅन कॉम्पेन्सेट, कॉम्पेन्सेट्स नाही. कॅनच्या मागे एबल टू लावायचा आपल्याकडे फार मोह होतो, तोही नको, कारण कॅन म्हणजेच एबल टू, म्हणजे ‘मी करू शकू शकतो’ असं होतं ते. दुसरं, कॉम्पेन्सेटच्या मागे फॉर पाहिजे. तिसरं, लेस एक्स्पीरियन्स भरून काढायचा नसतो, भरून काढायची असते ती उणीव, म्हणून लॅक ऑफ एक्स्पीरियन्स. आणि बाय हार्डवर्कपेक्षा विथ हार्ड वर्क किंवा बाय वर्किंग हार्ड. झालं वाक्य: ‘आय कॅन मेक अप फॉर माय लॅक ऑफ एक्स्पीरियन्स विथ हार्ड वर्क.’ कॉम्पेन्सेट ठेवलंस तरी चूक नाही, पण बोलताना मेक अप फॉर जास्त मोकळं वाटतं.

आता कॅन, कुड की वूड. मी परळच्या एका रात्रशाळेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि तिथे एक मुलगा यायचा, बेकरीत कामाला होता, साडेसातच्या तासाला यायचा तेव्हा भुवयांना मैदा लागलेला असायचा. मी फळ्यावर ‘हे नुकसान भरून निघेल’ लिहून इंग्रजी करायला सांगितलं, सगळ्यांनी खाली मान घालून ‘धिस लॉस विल मेक अप’ लिहिलं, आणि हा एकटा पेन तोंडात धरून बसून राहिला. म्हटलं काय झालं रे? तर म्हणाला, बाई, भरून निघेल, पण भरणार कोण? कर्ताच नाही ह्याला.

मी खडू खाली ठेवला. कारण गोम तिथेच आहे. मराठीत आपल्याकडे दोन आहेत, भरून काढणे आणि भरून निघणे. काढायला माणूस लागतो, निघायला लागत नाही, आपोआप निघतं, देवाच्या कृपेनं निघतं, पुढच्या पगारात निघतं. इंग्रजी मेक अप फॉरला ‘निघणं’ माहीतच नाही. ‘धिस लॉस विल मेक अप’ म्हणजे ते नुकसान आता पावडर-लिपस्टिक लावून लग्नाला निघालंय. इंग्रजीला विचारावं लागतं की कशानं भरणार, आणि जे भरणार त्याला पुढे आणून कर्त्याच्या खुर्चीत बसवावं लागतं: ‘नेक्स्ट मंथ्स सेल विल मेक अप फॉर धिस लॉस.’ विल बी मेड अप फॉर असंही करता येतं, बरोबरच आहे, पण ते शेवटचं फॉर उघड्यावर लोंबकळत राहतं आणि तेच नेमकं आपण विसरतो.

कर्ता सापडला की मग मोडल निवडायचं, आणि त्यासाठी पाठांतर नको, तुझ्या मराठीच्या शेपटीकडे बघ. ‘भरून काढू शकतो’ म्हणतोयस, तर कॅन. ताकद आज खिशात आहे. ‘भरून काढीन’ म्हणतोयस, तर विल, आणि हा शब्द दिल्यासारखा आहे, सहा महिन्यांनी तुला कुणी विचारू शकतं की काय रे, म्हणाला होतास ना. ‘काढेन कदाचित’ असेल तर मे किंवा माइट, आणि इंटरव्ह्यूत ‘आय माइट मेक अप फॉर इट’ म्हणणं म्हणजे हॉटेलवाल्यानं ‘वडा ताजा असेल बहुतेक’ म्हणण्यासारखं आहे, कोण घेईल? ‘काढायला हवं’ असेल तर शुड. ‘काढलंच पाहिजे’ असेल तर मस्ट.

शुडची अजून एक बाजू आहे आणि ती आपण वापरतच नाही, वाईट वाटतं मला. ‘माय इंटर्नशिप शुड मेक अप फॉर दॅट’ म्हणजे ‘भरून निघायला हरकत नाही’. ह्यात कर्तव्य-बिर्तव्य काही नाही, हिशोबानं तसं व्हायला पाहिजे एवढंच. नम्रही वाटतं आणि पायाखाली जमीनही राहते. मस्टचंही तसंच. वरळीला समुद्रासमोर कुणी अवाढव्य भाडं भरून राहत असेल तर त्याच्याबद्दल ‘द व्ह्यू मस्ट मेक अप फॉर द रेंट’ म्हणतात, म्हणजे समुद्राला सक्ती केलेली नाही, आपला अंदाज आहे, ‘भरून निघत असणार’. तो ‘असणार’ म्हणजे मस्ट.

आता तुझा मित्र आणि बहीण. कुड पोलाइट असतं हे अर्धं खरं. विनंती करताना पोलाइट असतं, कुड यू ओपन द विंडो वगैरे. स्वतःबद्दल सांगताना कुड म्हटलं की त्याच्या पोटात एक ‘जर’ लपलेला असतो, ‘काढू शकलो असतो, जर…’ किंवा ‘काढू शकेन, जर तुम्ही…’ आणि ऐकणारा त्या जरची वाट बघत बसतो. वूडचंही तेच. आपल्याकडे वूड म्हणजे विलचा इस्त्री केलेला शर्ट अशी समजूत आहे, मोठमोठ्या हापिसांच्या मेलांत बघा, ‘वी वूड बी सेंडिंग’, आणि पाठवणार आहेत की नाही ते शेवटपर्यंत कळत नाही. तुला जर घालायचाच असेल तर पूर्ण घाल: ‘इफ यू गेव्ह मी सिक्स मंथ्स, आय वूड मेक अप फॉर इट.’ मग वूड शोभतं. नाहीतर कॅन किंवा विल, आणि मी तुझ्या जागी असते तर आधी कॅन म्हटलं असतं आणि मग कशानं ते सांगितलं असतं, की टॅली येतं, अकाउंट्सचं काम घरच्या दुकानाचं केलंय, जे काय असेल ते. नुसतं हार्ड वर्क सगळेच म्हणतात रे. अजून ठसका हवा असेल तर मोडल आणि क्रियापद ह्यांच्या मधल्या फटीत मोअर दॅन सरकव, ‘विल मोअर दॅन मेक अप फॉर इट’, म्हणजे भरून काढून वर उरेल. पण हे सेल्फीसारखं आहे, एकदाच बरं दिसतं.

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीहून रोज दादरला येते. त्या दिवशी आमची फास्ट लोकल ठाण्यालाच दहा मिनिटं लेट होती पण मोटरमननं काय दामटवली माहीत नाही, दादरला फक्त चार मिनिटं लेट. मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं ‘ट्रेन कुड मेकअप सिक्स मिनिट्स’. साहेबांनी लिहिलं, ‘सो व्हाय डिडन्ट इट?’ मला कळलंच नाही ते असं का म्हणाले.

उत्तर : साहेब खोचक आहेत, पण त्यांचं इंग्रजी पक्कं आहे. तुम्हाला म्हणायचं होतं ‘भरून काढता आली’, जमलं, झालं. एकदाच घडलेल्या आणि जमलेल्या गोष्टीला इंग्रजीत कुड चालत नाही, तिथे मॅनेज्ड टू किंवा वॉज एबल टू लागतं: ‘द ट्रेन मॅनेज्ड टू मेक अप सिक्स मिनिट्स.’ तुमचं कुड वाचून त्यांना वाटलं ‘काढू शकली असती’ किंवा ‘काढू शकेल’. गंमत म्हणजे नाही जमलं तर मात्र कुडन्ट बिनधास्त चालतं, ‘वी कुडन्ट मेक अप द टाइम’. हो म्हणताना कुड नाही, नाही म्हणताना कुडन्ट आहे, असं का ते मला विचारू नका, भाषा ही कुणी चाळ कमिटीनं ठराव करून केलेली गोष्ट नाही.

गेलेल्या वेळेचं बोलताना ह्या सगळ्या मोडलांच्या मागे हॅव जोडायचं आणि मग मराठीशी जोडी लावून बघायची. मला तर ही जोडी इतकी घट्ट वाटते की मी वर्गात लोकलवरच शिकवायचे. काढता आली असती, पण सिग्नल मिळाला नाही, कुड हॅव मेड अप. काढली असती, वूड हॅव. काढली असेल बाबा, मी झोपले होते, मे हॅव. काढली असणार, त्याशिवाय वेळेत कशी पोचली, मस्ट हॅव. काढायला हवी होती, शुड हॅव. असती, असेल, असणार, हवी होती, आपल्याकडे सगळं शेपटीत आहे, इंग्रजीत तेच डोक्यावर घेतात.

आणि तुमच्या वाक्यात फॉर नव्हतं ते बरोबर होतं बरं का, त्याबद्दल शाबासकी. मिनिटं, तास, पैसे असं मोजून घालता येतं ते मेक अप, फॉरशिवाय: मेक अप सिक्स मिनिट्स, मेक अप द अवर्स. पण वाया गेलेल्या काळाबद्दल हळहळ असेल तर मेक अप फॉर लॉस्ट टाइम. फक्त मेकअप एका शब्दात लिहू नका, तो चेहऱ्याचा.

प्रश्न : मॅडम, शुक्रवारी मला लवकर निघायचं होतं, मुलाची पेरेंट्स मीटिंग. मी मॅनेजरला मेसेज केला ‘आय विल कॉम्पेन्सेट यू ऑन सॅटर्डे’. तो बंगळुरूचा आहे, त्यानं हसायची इमोजी पाठवून लिहिलं ‘हाऊ मच?’

उत्तर : हे ‘कॉम्प ऑफ’नं केलेलं नुकसान आहे. रविवारी राबलो की बदली सुट्टी मिळते तिला आपण कॉम्प ऑफ म्हणतो, म्हणून वाटतं की तास भरून देणं म्हणजेच कॉम्पेन्सेट. पण कॉम्पेन्सेटच्या मागे माणूस आला की बहुतेक वेळा पैशाचा वास येतो. कॉम्पेन्सेट यू, म्हणजे तुम्हाला भरपाई देईन. ॲक्सिडेंट झाला, जमीन गेली, बिल्डरनं पझेशन लांबवलं, तिथे हे वाक्य शोभतं, ‘द बिल्डर शुड कॉम्पेन्सेट द बायर्स’. तो शब्दच मुळात तराजूतला आहे, लॅटिनमध्ये एकाशेजारी एक ठेवून तोलणं असा अर्थ, एका पारड्यात कमी पडलं की दुसऱ्यात टाका. तुम्ही शनिवारी ऑफिसला पाकीट घेऊन जाणार नव्हता, दोन तास जास्त बसणार होतात. म्हणून ‘आय विल मेक अप द अवर्स ऑन सॅटर्डे’. परवानगी मागायची असेल तर ‘कॅन आय’, आणि साहेब जरा कडक असेल तर ‘कुड आय मेक अप द अवर्स ऑन सॅटर्डे?’ बघा, इथे कुडला मान आहे, कारण विचारताय.

प्रश्न : माझ्या मुलाच्या वहीत टीचरनं शेरा लिहिलाय, ‘मस्ट कव्हर अप द पोर्शन’. बरोबर आहे का?

उत्तर : शेरा कुणाचा आणि शाळा कुठली ते तुम्ही लिहिलंय, मी छापत नाही. कव्हर द पोर्शन बरोबर. कव्हर अप म्हणजे लपवणे, झाकपाक करणे. घोटाळे कव्हर अप करतात. मुलाला पोर्शन लपवायला सांगितलंय असा अर्थ होतो आणि बहुतेक मुलं तेच करत असतात. इथे मागे राहिलेलं गाठायचं आहे, म्हणून कॅच अप ऑन द पोर्शन पाहिजे होतं.

प्रश्न : चर्नी रोडला सीएकडे आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करतोय. कराच्या हिशोबात लॉस ‘सेट ऑफ’ करतात आणि लोक ‘ऑफसेट’ही म्हणतात. मोडल कुठलं?

उत्तर : सेट ऑफ हा कायद्यातला शब्द, ऑफसेट बोलण्यातला, काम तेच, एका बाजूचं दुसऱ्या बाजूनं वजा. मोडल मात्र तिथे शोभेचं नसतं. शॅल म्हणजे झालंच पाहिजे, मे म्हणजे मुभा, आणि कायदा वाचताना ह्या दोघांवर बोट ठेवून पुढे सरकायचं. क्लायंटशी बोलताना कॅन चालतो: लाँग टर्म कॅपिटल लॉस कॅन बी सेट ऑफ ओन्ली अगेन्स्ट लाँग टर्म कॅपिटल गेन, म्हणजे बराच काळ ठेवलेली मालमत्ता विकून झालेला तोटा तसल्याच नफ्यातून वजा होतो, उरलेला पुढची ८ वर्षं ओढता येतो. आता ओन्ली ची जागा बदलून बघ काय होतं ते. फॉर इथे लागत नाही, अगेन्स्ट लागतं. बाकी तुझ्या सरांना विचार, मी भाषेपुरती.

प्रश्न : कुडमध्ये एल उच्चारत नाहीत तर मग लिहितात कशाला?

उत्तर : वशिल्यानं आलाय. शुड आणि वूड ह्यांच्यात एल हक्काचा आहे, शॅल आणि विल ह्यांच्या घरातला. कॅनमध्ये एल कुठे आहे? कुडमध्ये पूर्वी नव्हताच, शेजारच्या दोघांकडे बघून नंतर घुसवला, आणि आज तिघांतही तो उच्चारत नाहीत.

प्रश्न : नमस्कार बाई. मी गिरगावात राहतो, वय ७४. नात न्यू जर्सीला असते, दहा वर्षांची, मराठी समजते पण वाचता येत नाही. ह्या वर्षी तिचा वाढदिवस मी साफ विसरलो, दुसऱ्या दिवशी आठवलं. माफी मागायला मेसेज तयार केलाय, जरा तपासून द्या. ‘आय फर्गेट युवर बर्थडे. नथिंग कॅन कॉम्पेन्सेट. आय वूड कॉम्पेन्सेट यू.’

उत्तर : काका, नमस्कार. सगळ्यात आधी, मेसेज अजून पाठवला नाहीत ते छान केलंत. दुसरं वाक्य म्हणतं कशानंही भरून निघणार नाही आणि तिसरं म्हणतं मी भरपाई देईन, पोरगी गोंधळेल, आणि दहा वर्षांची आहे म्हणजे डॉलरमध्ये मागेल.

नथिंग कॅन मेक अप फॉर इट हे फार जड आहे. आपल्याकडे माणूस गेला की पेपरात ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ छापतात ना, त्या वजनाचं. ‘बूंद से गयी वो हौद से नहीं आती’ हे आपण मराठीत सर्रास म्हणतो, तिथला ‘येत नाही’ म्हणजे हा कान्ट. वाढदिवसाला इतकं नको. केक परत आणता येतो.

तुम्हाला पाहिजे तो प्रयोग वेगळाच आहे, मेक इट अप टू यू. उणीव भरून काढायची असेल तर मेक अप फॉर, आणि ज्या माणसाचं मन दुखावलं त्याचं देणं फेडायचं असेल तर मेक इट अप टू. मध्ये तो इट लागतोच, आणि टूच्या मागे माणूस. मोडल विल. वूड घातलात तर ती विचारेल, इफ व्हॉट, आजोबा? आणि कॅन घातलात तर ‘देऊ शकतो’ म्हणजे देईन असं नाही, मुलं ह्यात वकिलापेक्षा हुशार असतात. शुड तर अजिबात नको, आजोबांनी कर्तव्य म्हणून लाड करायचे?

तर असं पाठवा: ‘आय फर्गॉट युवर बर्थडे अँड आय ॲम सॉरी. आय विल मेक इट अप टू यू.’ एवढंच. तिसरं वाक्य हवंच असेल तर ‘व्हॉट कॅन आय डू टू मेक इट अप टू यू?’ इथे कॅन बरोबर, कारण आता ठरवायचं तिनं. पण हे विचारायच्या आधी सुनेला विचारून घ्या सध्या तिला कुत्र्याचं पिल्लू पाहिजे आहे का, नाहीतर अडकाल.

आणि काका, मेसेजपेक्षा शनिवारी फोनच करा. आपल्या संध्याकाळी सातला तिच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ असतात, थंडीत साडेआठ. शाळा नसते, उठलेली असेल. मे बी अवेक म्हणा हवं तर, मस्ट बी नको, शनिवार आहे.